मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिर सोलापुरात भरवायचंय: फाटलेले ओठ, टाळू आणि पुढची पंधरा वर्षं

शेंगाचटणी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. अशोक चौकातलं आमचं मंडळ दरवर्षी रक्तदान आणि डोळे तपासणी घेतं. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी, डिसेंबरात, जन्मतः ओठ किंवा टाळू फाटलेल्या मुलांसाठी मोफत ऑपरेशनचं शिबिर घ्यायचा बेत आहे. डोळ्यांपुढे आदर्श अर्थातच अमेरिकेतून येऊन इथे फुकट ऑपरेशनं करणाऱ्या डॉ. शरदकुमार दीक्षितांचा. माणूस आपल्या पंढरपुरात जन्मलेला. बाहेरगावचे एक प्लास्टिक सर्जन तीन दिवस द्यायला तयार आहेत, मंगल कार्यालय फुकट मिळतंय, देणगीदारही आहेत. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर आणि पलीकडे इंडीपर्यंतची लोकं आत्ताच विचारालेत. तीन दिवसांत किती मुलं उरकतील? साहित्य काय काय लागेल? जाणकारांनी मोकळेपणाने सांगा.

टाके_सहा_शून्य
मंगल कार्यालय फक्त तपासणीसाठी ठेवा. ऑपरेशनं तिथे नकोत, हे पहिलं. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणजे चालू स्थितीतलं ऑपरेशन थिएटर, भूल देण्याचं यंत्र आणि रात्रभर लक्ष ठेवणारा वॉर्ड हवाच. एखाद्या रुग्णालयाचं थिएटर तीन दिवस मागून घ्या.

आता आकडा. एका बाजूचा ओठ शिवायला एक ते दीड तास, टाळूला दीड ते दोन तास. वर भूल देणं, जागं करणं, टेबल पुसून पुढचा संच लावणं याला दर वेळी अर्धा-पाऊण तास. दोन टेबलं आणि दोन स्वतंत्र भूलतज्ज्ञ असतील तर दिवसाला आठ, फार तर दहा. तिसरा दिवस अर्धाच धरा, कारण शेवटचं ऑपरेशन झाल्यावर सर्जनने निदान एक रात्र गावात थांबायला हवं. तेव्हा वीस-बावीस. बॅनरवर 'शंभर शस्त्रक्रियांचा संकल्प' वगैरे छापू नका. आकडा आधी ठरला की मग त्यात बसवायला नको ती मुलं टेबलावर घेतली जातात.

हुरडा_आणि_ताक
आकडे पटले, पण दीक्षितांच्या शिबिरांना सरसकट नावं ठेवू नयेत. १९३० चा जन्म, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन म्हणून जम बसलेला. १९७८ च्या अपघातानंतर शरीराची उजवी बाजू लुळी पडली, पुढे कर्करोगात स्वरयंत्र गेलं. तरी वर्षातले काही महिने भारतात येऊन 'इंडिया प्रोजेक्ट'मधून फुकट ऑपरेशनं करत राहिले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं भरवली. २००१ ला पद्मश्री, २०११ ला गेले. ज्या काळात तालुक्याच्या गावाला प्लास्टिक सर्जन हा शब्दच ठाऊक नव्हता, तेव्हा ओठ शिवून मिळाला म्हणून हजारो मुलं शाळेत बसली, मुलींची लग्नं झाली. त्याला मोल नाही?

टाके_सहा_शून्य
मोल आहेच, नावं कोण ठेवतंय? पण त्यांच्या शिबिरात काय काय होत असे ते बघा. फाटलेले ओठ, उघडत नसलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. एका बैठकीत आटोपणारी कामं. मोठ्या वयाचा रुग्ण असेल आणि फक्त ओठ असेल तर गालाच्या हाडातून बाहेर येणारी नस बधिर करून, जागेपणीही तो शिवता येतो. वेगवान आणि सवयीचा हात असेल तर रांग लावून कामं होतात. टाळूचं तसं नाही. टाळू शिवली की पुढे बोलणं, ऐकणं, दात, जबडा ही सगळी साखळी मागे लागते आणि ती मूल सतरा-अठरा वर्षांचं होईतो सुटत नाही. तीन दिवसांसाठी आलेला सर्जन कितीही मोठा असो, ही साखळी त्याच्या हातात नसते. ती गावात असावी लागते.

त्यामुळे माझं मत: पाहुण्या सर्जनकडून ओठ करून घ्या, टाळूची मुलं जिथे वर्षभर टीम बसते अशा केंद्राकडे पाठवा. मंडळाचा पैसा जाण्यायेण्यावर खर्च करा.

गुंगीवाला
भूलतज्ज्ञाच्या बाजूने लिहितो. या शिबिरांत मूल दगावतं ते सहसा सुरीमुळे नाही, श्वासामुळे.

निवडीचा जुना ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. व्यवहारात ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत. पण आपल्याकडे ही मुलं दूध नीट ओढू शकत नाहीत म्हणून मुळातच किरकोळ असतात. सहा महिन्यांचं मूल चार किलोचं आणि हिमोग्लोबिन साडेआठ, हे चित्र नेहमीचं. त्याला परत पाठवायचं, लोह आणि आहार सुरू करायचा, वजनाची तारीख द्यायची. आईबाप रडतात, कार्यकर्ते गळ घालतात, तिथे ठाम राहायला लागतं.

सर्दी-खोकला असेल तर दोन ते चार आठवडे थांबा. नाक वाहणाऱ्या मुलाचा स्वरयंत्राचा भाग भुलीत एकदम आवळला जातो, ऑक्सिजन झपकन खाली येतो. डिसेंबरात निम्मी मुलं सर्दीने बेजार असतात, म्हणून यादी दीडपट करा. हृदयात नेहमीपेक्षा वेगळा आवाज ऐकू आला तर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण टाळू फाटलेल्या मुलांत हृदयाचे जन्मजात दोष इतरांपेक्षा जास्त सापडतात. हनुवटी अगदी मागे गेलेली आणि उताणं झोपवलं की घरघर करणारं मूल शिबिरात घ्यायचंच नाही. त्याची श्वासनलिका सापडणं ही वेगळीच कसरत.

उपाशी ठेवण्याचं गणित आईला तोंडी सांगू नका, कागदावर घड्याळ काढून द्या: पावडरचं किंवा गाईचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं चार तास, साधं पाणी दोन तास. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं मोघम सांगितलं की सकाळी दहाच्या बाळाला चौदा तास कोरडं ठेवलेलं सापडतं. सगळ्यात लहान मूल यादीत पहिलं.

औषधाचं प्रमाण: टाके घालायच्या जागी लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि ॲड्रेनलिनचं मिश्रण टोचतात, ॲड्रेनलिन दोन लाखांत एक. लिग्नोकेनची मर्यादा ॲड्रेनलिनसह किलोला सात मिलिग्रॅम. म्हणजे पाच किलोच्या बाळाला ३५ मिलिग्रॅम, एक टक्क्याचं साडेतीन मिली. संपलं. दोन टक्क्याची बाटली तशीच हातात आली तर पावणेदोन मिलीतच मर्यादा गाठली जाते, म्हणून पातळ करून, सिरिंजवर लेबल लावूनच टेबलावर द्यायचं.

आणि घशातलं पॅक. रक्त पोटात-फुप्फुसात जाऊ नये म्हणून घशात ओली गॉजपट्टी भरतात. तिचं शेपूट तोंडाबाहेर ठेवायचं, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पॅक आत' लिहायचं आणि काढल्यावर दोघांनी मोठ्याने बोलून खोडायचं. विसरलेलं पॅक म्हणजे श्वासाची नळी काढल्या काढल्या बंद झालेला श्वास.

सिस्टर_रात्रपाळी
गुंगीवाल्यांनी लिहिलंय त्यात पहिल्या रात्रीची भर घालते. टाळूच्या मुलाला कुशीवर झोपवा, बोटाला ऑक्सिमीटर रात्रभर, आणि दर वेळी नुसता आकडा वाचू नका, छाती आत ओढली जातेय का ते बघा. तोंड उघडं ठेवणाऱ्या चिमट्याचा दाब जिभेवर दोन तास राहतो, त्याने जीभ सुजते. म्हणूनच मध्येमध्ये तो सैल करायची आठवण सर्जनला करून द्यावी लागते. काही सर्जन जिभेला एक लांब टाका घालून धागा गालाला चिकटवतात. श्वास अडला तर तो ओढून जीभ पुढे घेता येते. तो धागा घाईत कापून टाकू नये, सकाळी सर्जन काढतील.

लाळेत थोडं गुलाबी दिसणं चालतं. मूल वारंवार गिळतंय, तोंडातून बाहेर काही नाही आणि नाडी वाढतेय, असं असेल तर ते रक्त गिळतंय. लगेच कळवा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल किलोला पंधरा मिलिग्रॅम, सहा तासांनी, रडायची वाट न बघता. कोपराला पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापडात गुंडाळून बांधतात म्हणजे हात तोंडाकडे जात नाही. त्या दिवसातून तीन-चारदा सोडून हात हलवून घ्यायचे, नाहीतर काखेत आणि कोपरात कातडी सोलवटते.

कडक_भाकर
ऑपरेशननंतर खायला काय द्यायचं ते कोणी नीट सांगत नाही. 'पातळ द्या' एवढंच. इथल्या घरात पातळ म्हणजे काय?

सिस्टर_रात्रपाळी
ओठाच्या बाळाला शुद्ध आली, नीट गिळतंय असं दिसलं की काही तासांत दूध. टाळूच्या मुलाला दोन ते तीन आठवडे गाळलेलं: भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, नाचणीची पातळ आंबील, ताक, दूध. तिखट नको. भात शिजवून घोटला तरी त्यातलं एखादं शीत टाक्यात अडकतं, म्हणून गाळणीतूनच. चमचा तोंडात खोल घालायचा नाही, खालच्या ओठावर टेकवून ओतायचा. स्ट्रॉ नाही, बाटलीचं बूच नाही. प्रत्येक वेळी शेवटी दोन चमचे साधं पाणी पाजा, त्याने टाके धुतले जातात. कडक भाकरी, शेंगा, चिवडा, बिस्किटाचे तुकडे महिनाभर घरात मुलाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. मोठी भावंडं प्रेमाने भरवतात आणि टाका उसवतो.

टाके_सहा_शून्य
उसवण्याचं खरं कारण मात्र बहुतेक वेळा भाकरी नसते, ताण असतो. फटीच्या दोन्ही बाजूंचे टाळूचे पडदे पुरेसे मोकळे न करता ओढून शिवले की कठीण आणि मऊ टाळूच्या सांध्यावर भोक पडतं. मग पाणी प्यायलं की नाकातून येतं. ते भोक लगेच शिवायला जाऊ नये. सहा महिने तरी ऊतक मऊ होऊ द्यावं. दुसऱ्यांदा शिवलेलं पुन्हा फुटण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते, म्हणून पहिलं ऑपरेशन सवयीच्या हातूनच व्हायला हवं. 'शिकाऊ डॉक्टरांना सरावासाठी शिबिर' हे मला अजिबात मान्य नाही.

ओठाचंही थोडं लिहितो, कारण लोकांना वाटतं फट होती, शिवून टाकली. ओठाच्या आत तोंडाभोवती गोल फिरणारा स्नायू असतो. फाटलेल्या ओठात तो गोल न फिरता फटीच्या कडेने वर नाकाकडे जाऊन चिकटलेला असतो. नुसती कातडी शिवली तर बाळ झोपलेलं असताना ओठ छान दिसतो आणि रडायला लागलं की दोन्ही बाजूंना फुगे येतात. स्नायू सोडवून, आडवा करून, टोकाला टोक जोडावा लागतो. सुरी लावण्याआधी कॅलिपरने मापं घेऊन निळ्या शाईचे ठिपके सुईच्या टोकाने टोचून ठेवतात. इंजेक्शनने ओठ फुगला की मापं हरवतात, म्हणून ठिपके आधी आणि इंजेक्शन नंतर. मग सात-आठ मिनिटं थांबायचं. कातडी आणि लाल ओठ यांच्या सीमेवर एक बारीक उठावदार पांढुरकी कड असते. ती दोन्ही बाजूंची एका रेषेत यायला हवी. एक मिलिमीटर चुकलं तरी समोर बसून बोलणाऱ्याला दिसतं, आयुष्यभर. त्वचेला ६-० म्हणजे अगदी बारीक नायलॉनचा धागा, पाचव्या ते सातव्या दिवशी काढायचा. उशीर झाला तर शिडीसारखे डाग राहतात. शिबिराचा सर्जन तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, तेव्हा हे टाके कोण काढणार त्याचं नाव आधी ठरवा.

अमेरिकन सर्जन मिलार्डने १९५५ साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडलेली पद्धत आजही बहुतेक ठिकाणी, थोडेफार फेरफार करून वापरतात: आतला भाग फिरवून खाली, बाहेरचा सरकवून पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण आखडतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो, घरचे घाबरतात. तीन आठवड्यांनंतर मसाज सुरू करा. सहा महिने ते वर्षभरात तो सैल पडतो.

भुईकोट
थोडं अवांतर. नाक-ओठ दुरुस्तीचा इतिहास लोक सुश्रुतापाशी थांबवतात. आपल्या जवळची गोष्ट १७९० च्या दशकातली. इंग्रज फौजेचा गाडीवान कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती लागला, नाक कापलं गेलं. पुण्याकडच्या वीट भाजणाऱ्या जातीतल्या एका मराठी कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते नवं केलं. १७९४ मध्ये त्याचं सचित्र वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं. त्या कारागिराचं नाव मात्र छापलं गेलं नाही. अजून कपाळाचा पडदा वापरतात का?

टाके_सहा_शून्य
अगदी. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीवर तो पडदा उभा असतो. कर्करोग काढल्यावर किंवा अपघातात नाकाची पाळी गेली तर हाच पहिला पर्याय. कपाळ ते नाक असा पूल तीन आठवडे तसाच ठेवतात, मग कापतात. त्या तीन आठवड्यांत रुग्ण बाहेर पडायला लाजतो. हे आधी चित्र दाखवून सांगितलं नाही तर मधेच घरी निघून जातो.

पद्मशाली_पेठ
आमच्या भागात अजून सासू म्हणते, ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळ असं झालं. शिबिराच्या पत्रकात यावर काही लिहावं का?

वाचाताई
लिहाच, दोन ओळी. ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू बाराव्यापर्यंत जुळून झालेली असते. ओठ जुळतो तोवर तर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची धड खात्रीही झालेली नसते. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने फाटायला तेव्हा काही उरलेलं नसतं. खरी कारणं म्हणजे थोडा आनुवंशिक भाग, आईचं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिटची काही औषधं. फिटच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. गर्भ राहण्याआधी महिनाभर फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात धोका काहीसा वाढतो. हे पत्रकात नको, समोरासमोर सांगा, नाहीतर भलतीच भांडणं लागतात. आईबाप दोघं नीट असून एक मूल असं झालं असेल तर पुढच्या वेळी शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. हा आकडा ऐकून बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

आता माझ्या विषयाचं. टाळू शिवली म्हणजे बोलणं आपोआप सुधारतं हा सगळ्यात मोठा गैरसमज. टाळू उघडी असताना मूल हवा कोंडू शकत नाही, म्हणून क, ट, प ऐवजी घशात खट् असा अडथळा करून बोलायला शिकतं. टाळू बंद झाली तरी ती सवय राहते. घरच्या घरी एक तपासणी: नाकपुड्यांखाली थंड आरसा धरा आणि 'पा पा पा', 'काका', 'टाटा' म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून गळतेय. 'मामा', 'नाना' म्हणताना वाफ धरणारच, ते बरोबर आहे, त्यावरून घाबरू नका.

फुगे फुगवा, शिट्टी वाजवा, मेणबत्ती विझवा हे सल्ले बंद करा. फुंकण्याचे स्नायू वेगळ्या कामाला लागतात, त्याने उच्चार सुधारत नाहीत. सराव उच्चाराचाच करायचा, आधी एकेक ध्वनी, मग शब्द, मग वाक्य, रोज दहा-पंधरा मिनिटं दोनदा. आणि घरच्या भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी तक्ते देऊन मोकळं व्हायचं नाही. तीन-चार वर्षांच्या वयात नीट तपासणी हवी. सराव होऊनही हवा गळत राहिली तर चार ते सहा वर्षांत घशाचं दुसरं ऑपरेशन लागतं. त्याआधी दुर्बिणीने किंवा एक्स-रेच्या चलचित्राने फट कुठे राहते ते बघतात.

कानाचंही सांगून ठेवते. टाळूचे स्नायूच कानाची नळी उघडतात. ते वेडेवाकडे असले की पडद्यामागे पाणी साचतं. मूल हाक मारली की वळत नाही, सगळे म्हणतात हट्टी आहे. ऐकण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी.

दाढदुखी
दातांच्या बाजूने दोनच गोष्टी, पण दोन्ही वयाला बांधलेल्या.

पहिली: जन्मल्यापासून पहिल्या पंधरवड्यात बाळ आलं तर हिरडीचं माप घेऊन ॲक्रिलिकची छोटी पट्टी बनवता येते. ती आणि गालावरची चिकटपट्टी मिळून तीन-चार महिन्यांत फट अरुंद करतात, नाकाची चपटी बाजू उचलतात. दर आठवड्याला अर्धा ते एक मिलिमीटर घासून-भरून बदल करायचा. माप घेताना बाळ जागं हवं, पोट रिकामं हवं आणि रडत राहायला हवं. रडणं थांबलं तर पहिल्यांदा साचा बाहेर काढा. पातळ, फाटणारं अल्जिनेट वापरू नका. तुकडा घशात गेला तर गेला. जाडसर सिलिकॉन बरं. गालाची कातडी लाल झाली तर चिकटपट्टीखाली जखमेवर लावतात ती मऊ पट्टी घालावी. पण आई दर आठवड्याला सांगोल्याहून येऊ शकत नसेल तर हा उपचार सुरूच करू नये. अर्धवट घातलेली पट्टी हिरडीला जखम करते. नुसती ओठावरची चिकटपट्टीसुद्धा बरंच काम करते.

दुसरी: हिरडीत हाड भरणं. वय आठ ते अकरा, सुळा उतरायच्या आधी. एक्स-रेत सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार दिसलं की वेळ झाली. कमरेच्या हाडातला मऊ गर काढून फटीत भरतात. त्या हाडातून सुळा खाली येतो, नाकाच्या पाळीला आधार मिळतो. मूल आठवडाभर थोडं लंगडतं, एवढंच. किडलेले दात आधी दुरुस्त झाले नसतील तर भरलेलं हाड पू होऊन वाया जातं. शिबिरात ओठ शिवलेली कितीतरी मुलं नेमकी या वयात कुणाच्याच यादीत नसतात. चौदाव्या वर्षी येतात तेव्हा सुळा भलतीकडे गेलेला असतो.

नवी_आई_बार्शी
टाळू फाटलेलं सव्वा महिन्याचं बाळ आहे. अंगावर ओढत नाही, दूध नाकातून येतं. ऑपरेशनपर्यंत पाजायचं कसं?

सिस्टर_रात्रपाळी
ताई, टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही, त्यामुळे बाळ दमतं आणि पोट भरत नाही. दूध काढून द्या. बोंडलं किंवा लांब चोचीचा चमचा चांगला, किंवा दाबता येणारी मऊ बाटली. बूच मोठं भोक पाडून नको, आडवं-उभं फुलीसारखं कापलेलं असावं. बाळाला बसवल्यासारखं उभट धरा, निदान ४५ अंश. दूध गालाच्या बाजूने, फट नाही तिकडून, थोडं थोडं. बाळाने गिळलं की मगच पुढचं. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, नाहीतर प्यायलेलं ओढण्याच्या कष्टातच जातं. मध्ये दोन-तीनदा ढेकर. आडवं घेऊन अजिबात पाजू नका. नाकातून थोडं येईल, पुसून घ्या. ठसका लागून बाळ निळं पडलं तर मात्र लगेच दवाखाना.

आठवड्यातून एकदा अंगणवाडीच्या काट्यावर वजन. या वयात दिवसाला वीस-तीस ग्रॅमने वाढायला हवं, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे. त्याखाली सलग दोन आठवडे राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आशा_गट_दक्षिण
सरकारी वाट इथे कोणीच लिहिली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू धरलेले आहेत, वय जन्म ते अठरा. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पण त्याची वाट बघत बसायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येतं. जन्माचा दाखला, आईबापांचं आधार, रेशनकार्ड, बाळाचं लसीकरण कार्ड, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. दाखल्यावर 'बेबी ऑफ' आणि रेशनकार्डात बाळ नाहीच. बाळंत बाई सिव्हिलमधून घरी जाण्याआधीच दाखल्याचं काम मार्गी लावा. शिवाय स्माइल ट्रेनसारख्या संस्था ठरावीक रुग्णालयांना प्रत्येक ऑपरेशनचा खर्च देतात, तिथे रुग्णाला पैसे पडत नाहीत. जवळचं रुग्णालय कुठलं ते संस्थेलाच फोन करून विचारा, दलालाला नाही.

एमबीबीएस_दुसरं_वर्ष
चेहऱ्याचा सर्जन व्हायचं असेल तर मार्ग कोणता? वैशंपायन कॉलेजात आहे.

टाके_सहा_शून्य
तीन दारं. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीचं एमएस तीन वर्षं, मग प्लास्टिकचं एमसीएच तीन वर्षं. किंवा कान-नाक-घशाचं एमएस आणि पुढे चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप. तिसरं दंतवैद्यकातून, बीडीएस आणि मग तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचं एमडीएस. जबडा सरकवणं, हाड भरणं यात या लोकांचा हात धरणारं कोणी नाही. सोलापुरात राहून शिकायला मिळेल ते म्हणजे अपघात, भाजणं आणि माव्याने खाल्लेले गाल. हसण्यावारी नेऊ नका. छातीचा स्नायू फिरवून गाल भरणं जमलं की पुढचं बरंच जमतं. सेवाभावी कामाची हौस असेल तर पहिली पाच वर्षं एका टीममध्ये मुरा, आपली जुनी मुलं परत बोलावून त्यांचे फोटो आणि बोलणं तपासा. शिबिरांचे हारतुरे नंतर.

शेंगाचटणी
सगळ्यांचे आभार. काल बैठकीत बदल ठरला. मंगल कार्यालयात फक्त तपासणी. पाहुण्या सरांनी रुग्णालयाच्या थिएटरात फक्त ओठाची बारा मुलं घ्यायचं मान्य केलंय. टाळूची मुलं गाडी करून केंद्रात पाठवू. उरलेल्या पैशातून पाठपुराव्याची वही चालवायची. वहीत रकाने काय ठेवावेत?

वाचाताई
नाव, जन्मतारीख, फट कुठली आणि कुठल्या बाजूची, ऑपरेशनची तारीख, सर्जन. मग पुढच्या तारखा आजच लिहून टाका: टाके काढणं, टाळू, कानाची तपासणी, तीन वर्षांची बोलण्याची तपासणी, आठव्या वर्षीचा दातांचा एक्स-रे. फोन नंबर तीन घ्या. बापाचा, मामाचा आणि गावच्या आशाताईंचा. बापाचा नंबर वर्षात बदलतो, ऊसतोडीला गेलेल्या घरात तर हमखास. वही मंडळाच्या एकाच माणसाच्या घरी नको, एक प्रत दवाखान्यात. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान वर करून खालून, दर वेळी त्याच अंतरावरून. ते वहीसाठी. बॅनरवर किंवा व्हॉट्सॲपवर मुलांचे चेहरे टाकू नका. परवानगीची सही असली तरी नको, दहा वर्षांनी ती मुलगी कॉलेजात असेल.

गुंगीवाला
आणखी एक रकाना: भुलीत काय त्रास झाला. नळी घालायला अवघड गेली असेल तर पुढच्या भूलतज्ज्ञाला ते कळायलाच हवं. बारा मुलांसाठी यादी अठराची करा.

कडक_भाकर
कुर्डुवाडीकडची एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ओठ आणि टाळू दोन्ही कधीच शिवलेले नाहीत. लग्न ठरवायचं म्हणून घरचे आता तयार झालेत. उशीर झाला का?

टाके_सहा_शून्य
ओठाला उशीर नसतो. मोठ्या वयात ऊतक भरपूर असतं, मापं सोपी जातात, निकाल चांगला येतो. टाळू शिवल्याने पाणी-जेवण नाकातून येणं थांबेल, पण बोलणं फारसं बदलेल असं आश्वासन देऊ नका, सवय पक्की झालेली असते. वाचाताईंकडे सराव तरीही लावा. आधी दात दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. दोन्ही एकाच दिवशी नको. आधी टाळू की आधी ओठ हे मुलीला विचारा, घरच्यांना नाही. नाकाच्या शेंड्याची दुरुस्ती ओठानंतर निदान सहा महिन्यांनी. वाढ पूर्ण झाली आहे, त्यामुळे तेही याच वर्षात होऊ शकतं. लग्नाची तारीख काढली असेल तर ती चार महिने तरी पुढे ढकलायला सांगा, व्रण लाल असतानाच हळद लागायला नको.